न वाजवलेलं

घडियाळी पोळात, जिन्याखालच्या माझ्या गाळ्यात
इंदुमती फणसे आल्या, चपला बाहेर काढून.
सराफाकडे चपला कोण काढतं हल्ली.
पिशवीतून निळी पेटी, पेटीत मखमल,
मखमलीत टाकसाळीचा प्रूफ सेट, एक्याऐंशी सालचा:
शंभराचं एक, दहाचं एक, खाली चिल्लर,
जिला चिल्लर म्हणायला जीभ धजत नाही.

"दादांनी मनीऑर्डर करून मागवला होता."
दादा म्हणजे वडील. नगरपालिकेत, पाणीपुरवठ्याला कारकून.
त्या महिन्यात घरात तूप आलं नव्हतं,
एवढं त्यांना आठवतं.

मी सुती हातमोजे चढवले. नाणं कडेनं धरलं.
साचा घासून घासून आरसा केलेला असतो, सांगितलं,
ठोका एकावर एक,
म्हणून मोकळ्या जागेत तुमचा चेहरा दिसतो
आणि उठावावर पिठीसाखर पडल्यासारखं पांढरं.
असं नाणं वाजवून घ्यायचं नसतं.

माझ्या बापानं मला दुसरं काही शिकवलं नाही.
वाजव, म्हणायचा, बद्द वाजलं तर तिथंच परत कर.
आणि मी चाळीस वर्षं विकतोय
ते न वाजवलेलं.

"चांदी किती?"
पस्तीस ग्रॅम वजन. त्यात निम्मी.
उरलेलं तांबं, थोडं निकेल, थोडं जस्त.
त्यांनी मान हलवली, एखाद्या स्थळाची
खरी माहिती लग्नानंतर कळावी तशी.
"दादा सांगायचे, सगळी चांदी."

भाव दोन, मी म्हटलं. एक वितळवायचा,
एक बघायचा. बघायचा कितीतरी मोठा.
फक्त भिंगाखाली, काठाजवळ, हे पाहा:
अंगठा. लहान मुलाचा. रेषा पार धातूत उतरल्यात.
पुसला तर आरसा जातो. ठेवला तर भाव.

भिंगावर त्या बराच वेळ वाकून राहिल्या.
मग सरळ होत विचारलं, "बाजारात चालतं हे?"
कागदोपत्री चालतं. शंभर रुपये.
"कुठे गेलंच नाही ना ते अजून."
उघड्या बोटांनी उचललं, मुठीत मिटलं.
माझ्या तोंडून 'अहो' निघालं, तेवढंच.
बाकीची मला देऊन टाकली, पडेल त्या भावात,
पेटीसकट. मखमलीत मधोमध
मोठी खाच, रिकामी.

रात्री दुकान वाढवून न्यायमंदिराच्या मागे
मनुभाईच्या गाडीवर सेव-उसळ मागितली.
त्यानं गल्ल्यातून काहीतरी काढून कंदिलाखाली धरलं.
"काका, आ साचुं छे?"
एक बेन आलेल्या म्हणे, वयस्कर, एकट्या.
दोन प्लेट, तिखट जास्त, पाव वेगळे.
सुटे घेतले नाहीत.

आरशावर तर्रीचा लालभडक अंगठा.
त्याखालचा जुना शोधायला
माझ्याकडे भिंग नव्हतं.
"साचुं," मी म्हटलं. "अर्धं."
शंभराची नोट खिशात होती. हात गेला तिकडे,
खोटं का सांगू.
पण मनुभाईला घाई, मागे रांग.
त्यानं ते परत डब्यात टाकलं,
दहा-वीसच्या मळक्या नाण्यांवर.

मी कान दिला.
बद्द नव्हतं.