एक जानेवारी

दांडिया बाजारातल्या पतपेढीसाठी
खातेदार नोंदणीचा फॉर्म लिहिला, तेव्हा
मी सव्वीस वर्षांचा होतो आणि
रिकाम्या चौकटीचा मला राग यायचा.

नावात आकडा नको. पिनकोड सहाच अंकी.
जन्मतारखेशिवाय ‘जतन करा’ फिकटच राहील,
दाबा कितीही.
चुकलात तर चौकट लाल,
आणि टिंग असा एक आवाज,
मी चार आवाजांतून निवडलेला.

तीन वर्षांनी बॅकअप घ्यायला गेलो.
यादी खाली सरकवत राहिलो.
साल वेगळं, दिवस तोच:
एक जानेवारी, एक जानेवारी,
चारशे बारा माणसं एक जानेवारीची.
सुइणी पुरल्या कशा?

“काय करणार भाई,” हेमलताबेन खानविलकर म्हणाल्या,
चष्मा पदराला पुसत.
“अनसूयाबाई मोहिते आल्या. म्हणे,
विश्वामित्रीचं पाणी पायरीला लागलं,
मगर न्हाणीपर्यंत आली, त्या रात्रीची मी.
तसंच लिहून पाहिलं हो. टिंग.
पुन्हा लिहिलं. टिंग.
मागे रांग, पुढे तुमचा टिंग.
मग टाकली एक जानेवारी.
गप बसलं.”

लीलो चिवड्याची पुडी त्यांनी माझ्याकडे सरकवली.
मी खात खात पुढचे रकाने पाहिले.
फोन: दहा वेळा नऊ.
पतीचे नाव, सक्तीचे, फक्त अक्षरे:
तिथे एकीनं लिहिलं होतं ‘नाही’.
अक्षरंच ती. माझ्या नियमाला पटली.
पासबुकावर छापूनही गेलं होतं,
मंदाकिनी नाही फणसे.

“तक्रार केली का त्यांनी?”
“छे. वाचलं, जरा हसली.
म्हणाली, बरोबर आहे की.”

त्या रात्री रावपुऱ्यातल्या खोलीवर
सक्तीचे तारे एकेक काढले.
टिंग काढला.
तारखेखाली एक मोकळी चौकट जोडली, आणि
हात सवयीनं नियम लिहायला गेला:
पन्नास अक्षरं? शंभर?
एका पुराला किती लागतात,
मला कुठं ठाऊक.
तसाच सोडला.

दुसऱ्या दिवशी अकराला फोन.
“भाई, मोहित्यांची मगर
बसली हो आत.”