अर्धचंद्र

नोव्हेंबर. पो नदीच्या बांधावर धुकं इतकं
की समोरच्या चर्चचा मनोरा परवापासून आलेलाच नाही.
स्वयंपाकघरातल्या टेबलावर जुनी चादर
आणि तिच्यावर बाबांचं इंजिन:
अठ्ठेचाळीस सीसी, एकसष्ट सालचं,
काखेत मारलं तर कलिंगडाएवढं.
आई म्हणते, पोलेंटा कुठे वाढू आता, या लोखंडावर?

पहिल्या दिवशी फ्लायव्हील ओढून काढलं
आणि वहीत लिहिलं:
अर्धचंद्र चावी नाही. खाचेत ग्रीस,
वाळून मधासारखं झालेलं.
चावी मागवणे.

सिलिंडरमध्ये आठवडाभर डिझेल ओतून ठेवलं.
रोज सकाळी लाकडाच्या ठोकळ्यावर एक टोला,
दार उघडेल याची खात्री नसलेल्या पाहुण्यासारखा.
आठव्या दिवशी पिस्टन केसभर सरकला
आणि मी ओरडले, एकटीच, पायजम्यात.

बेअरिंग फ्रीझरमध्ये, मटाराच्या पिशवीला टेकून.
क्रँककेस ओव्हनमध्ये, शंभर अंश, वीस मिनिटं.
मग मोजे चढवून, श्वास धरून सोडलं
तर बेअरिंग आपणहून जागेवर उतरलं,
टक्.
रविवारच्या लझान्याला तेलाचा वास होता.
आई जेवली. बोलली ती मांजराशी.

जेट साफ केला केरसुणीच्या काडीने,
तारेने भोक मोठं होतं,
हे रोव्हिगोच्या ओद्दोनेने फोनवर तीनदा बजावलं.
त्याच्याकडे एकसष्टचं सगळं मिळतं, फक्त धीर मिळत नाही.
गॅस्केट बिस्किटांच्या पुठ्ठ्याचं.
एक सर्क्लिप उडून फ्रिजखाली गेली,
ती आता फ्रिजची.

चावीचं ऐकून ओद्दोने थांबला.
ती नसेल तर ठिणगी भलत्याच वेळी पडते, म्हणाला,
कितीही किक मारा.
आणि ती पडत नाही हो, सिन्योरा. काढावी लागते.

हे मी रात्री सूप पिताना सांगितलं, सहज.
आई उठली. आतून बटणांचा डबा आणला,
खोकल्याच्या गोळ्यांचा, झाकणावर मधमाशी.
शर्टाची बटणं, कोटाची, माझ्या शाळेच्या झग्याची,
आणि तळातून
नखाएवढा पोलादी अर्धचंद्र.

लेआर्को धुक्यात कालव्यात गेला, त्या आठवड्यात, ती म्हणाली.
तुझे बाबाही त्याच बांधावरून जायचे,
साखर कारखान्यात, रात्रपाळीला.
पाना त्याचाच, पुलरही त्याचाच.
बघून बघून येतंच की.
नट परत लावला, जसा होता तसा.

मला आठवतं ते एवढंच:
बाबा तीन दिवस किक मारत होते,
चौथ्या दिवशी म्हणाले, मेलं ते,
आणि सायकलला हवा भरली.
सायकल बांधावर चढत नाही. गावातून जाते, दिव्यांखालून.

आणि ग्रीस? मी विचारलं.
कसलं ग्रीस?
मी वही पुढे केली.
तिने चष्मा लावला. एवढ्या चार ओळी,
पण सूप थंड झालं.

मी काही चावी काढून ग्रीस भरत बसले नाही,
ती म्हणाली. मला काय ठाऊक, खाच गंजते म्हणून.

मग कुणीच काही म्हणालं नाही.
मांजर टेबलावर चढलं, त्यालाही कुणी हाकललं नाही.

छत्तीस वर्षं, आई म्हणाली शेवटी.
छत्तीस वर्षं सायकल. गाढव.
आणि हसली की काय ते कळलं नाही,
कारण तिने चष्मा पुसायला घेतला होता.

मी हात पुढे केला.
तिने मूठ उघडली नाही.
धुकं उठू दे, म्हणाली, मग लाव.

बाहेर अजून मनोरा नाही.
मी कार्ब्युरेटर पुन्हा खोलला.
स्वच्छच होता.