डिंक

लक्ष्मीपुरीत, धान्याच्या वखारींमागे
आमची लॅब. दोन खोल्या, एक सेंट्रिफ्यूज,
जिन्यात हळदीचा आणि स्पिरिटचा मिळून एकच वास.
सकाळी सातला माणसं उपाशीपोटी येतात
आणि बाकावर एकमेकांचे पाहुणे निघतात.
"बावड्याच्या पोवारांपैकी का तुम्ही?"
"व्हय. तुम्ही हिकडं कसं काय?"
मग दोघंही भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघतात.

या गावाचं हे असं आहे.
कट्ट्यावर म्हशीची धार काढून होईस्तोवर
गंगावेशीतली बातमी रंकाळ्याला वळसा घालून परत येते.

बाबालाल मुजावरांनी मला सुई धरायला शिकवली,
त्याआधी पाकीट चिकटवायला.
"थुंकी नाही, डिंक लावायचा," म्हणाले,
"आणि डिंक वाळायच्या आत नाव विसरायचं."
ते मला कधीच पुरतं जमलं नाही.
मंडईत हिमोग्लोबिन सात पॉइंट दोन
मिरच्यांवर मूठभर कोथिंबीर टाकून देते,
आणि मी विचारते, "बरं आहे ना?"
सगळ्यांना विचारतात तसं.

एका रविवारी शालनमावशी आली, भडंगाची पुडी घेऊन.
"मी काय म्हणतो, प्रणोतीला स्थळ आलंय.
पोरगं तालमीतलं. दिसायला झ्याक.
पण दोन वर्षांमागं एकाएकी कुस्ती सोडली म्हणं.
का सोडली असंल?
तुमच्याकडंच रक्त दिलं असणार की गं.
काय नसंल तर न्हाई म्हण. तेवढंच पायजे."

मी भडंगातला शेंगदाणा शोधत राहिले.

त्याचं नाव आमच्या वहीत होतं की नव्हतं
ते मी तुम्हालाही सांगणार नाही.
पण ज्याचं काही नाही, त्याचं "नाही" सांगून टाकलं
तर ज्याचं आहे त्याच्या वेळी
माझं गप्प बसणंच रिपोर्ट होईल.
म्हणून दोघांना एकच गप्प द्यावं लागतं,
वखारीतल्या मापासारखं,
वरून हात फिरवून सपाट केलेलं.

मावशीनं पुडीचा दोरा पुन्हा बांधला.
"कळलं," म्हणाली.
काय कळलं? मी तर काहीच बोलले नाही.
"तेच की."

स्थळ मोडलं.
प्रणोती आता बेळगावात असते, सुखात आहे.
मावशी दर दिवाळीला डबा पाठवते,
वर निरोप: पोरीला वाचवलंस.
तो डबा मी घरी नेत नाही.

मुजावरांना सांगितलं. ते बराच वेळ स्लाइड धूत राहिले.
"बोलली नाहीस, बरोबर केलंस."
"मग?"
"बघत कुठं होतीस?"
"पुडीत. शेंगदाणा शोधत होते."
"तिथं बघायला नको होतं," म्हणाले.
"गप्प बसायला चेहरासुद्धा लागतो, पोरी.
तो रोज धुवावा लागतो."
आणि पुढची स्लाइड नळाखाली धरली.

परवा तो आला. कडेवर तापानं फणफणलेली लेक.
बाकावर त्याच्या पेठेतले तिघं जण,
तिघांच्याही माना वळलेल्या.
मी नाव पुकारलं नाही.
"सत्तावीस," म्हटलं.
तो उठला.
पोर रडली, मी कापूस दिला,
"घट्ट दाबून धरा," म्हणाले, सरळ त्याच्या डोळ्यांत बघून.
त्याला काही ठाऊक नाही. असेलही.
संध्याकाळी पाकीट घेताना त्यानं हळूच विचारलं,
"नाव मोठ्यानं घेतलं नाहीत, मुद्दाम?"
मी म्हटलं, "सगळ्यांनाच नंबर आहे आता."
ते खोटं होतं. नंबर त्या सकाळपासून सुरू झाले.
सत्तावीस हा पहिला.

आता एक सांगते.
वर जी लिहिली ती पेठ ती नव्हे.
कुस्ती नव्हती, दुसरंच काही होतं.
प्रणोती नावाची मला बहीण नाही,
आणि सात पॉइंट दोन हा आकडा
कोथिंबीर देणारीचा नाही, ती भाजीवालीही नाही.
डिंक तेवढा खरा.
बोटाला लागलाय.
अजून वाळलेला नाही.