सत्तेचाळीस

वॉशर दिले अठ्ठेचाळीस, बसले सत्तेचाळीस.
कुणी पाहिलं नव्हतं. वीबकेच म्हणाली,
"एक कमी आहे."

ब्रेमेन, शुक्रवार, चारलाच खिडकीत अंधार.
मी सही केलेली पेटी
मीच उघडायला लावली.
अकरा दिवसांचं काम. स्क्रू उलटे फिरताना
दाताखाली खडा आल्यासारखं झालं.

टायटॅनियम चुंबकाला दाद देत नाही.
आरसा, टॉर्च, चिमटा घेऊन
रात्री दहापर्यंत तारांच्या जुडग्यांतून
उवा काढाव्यात तसे शोधत राहिलो.
एकदा वर गेलं की तिथे जिना नाही,
जरा बघून येतो म्हणायची सोय नाही.

शनिवारी ती बर्फातून सायकल हाकत आली.
पावाच्या कागदी पिशवीत, तळाशी,
मसुराच्या डाळीएवढा तो.
"मोज्याच्या दुमडीत होता," म्हणाली
आणि बाहीला नाक पुसलं.

फॉर्मवर 'कारण'पुढे लिहिलं: मोजा.
'उपाय'पुढे: बुटांवर उंच आवरण.
ती स्वतःहून बोलली, याला रकाना नव्हता.

सोमवारी पेटी पुन्हा पहिल्यापासून.
वीबके मोठ्यांदा मोजत होती, जर्मनमध्ये,
मी मनात, मराठीत.
दोन्हीकडे आधी सात, मग चाळीस.
तिथे दोघंही जरा थांबलो.