स्वल्पविराम

हीउमा बेटाच्या धक्क्यावर बर्फरस्त्याची टपरी आहे.
टपरीत एक हीटर, एक म्हातारा संगणक
आणि मी पायथनमध्ये लिहिलेला प्रोग्रॅम:
एक खिडकी, खिडकीत एक बटण,
बटणाखाली आलेख.
म्हणजे, असायला हवा होता.

पहिल्या दिवशी तो खिडकीत बसेचना.
बटण दाबलं की शेजारी दुसरीच खिडकी उघडायची,
आगाऊ पाहुण्यासारखी,
आणि ती मिटेपर्यंत माझी खिडकी हूं की चूं करायची नाही.
'दाखव' म्हणणारी ओळ खोडली.
कॅनव्हास आणला, चौकटीत डकवला,
तर नुसता करडा चौकोन,
बाहेरचा समुद्र कुणी कापून आणावा तसा.
तासाभराने उमगलं:
'आता काढ' असं त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

मग खिडकी गोठली.
दर दहा मिनिटांनी फाइल वाचायची,
मधल्या वेळात जरा झोप, असं मीच त्याला लिहिलं होतं.
तो झोपला तो बटणासकट.
लेम्बित हातमोजे हीटरवर वाळत घालत म्हणाला,
"गोठण्याला इथं कुणी नावं ठेवत नाही."
मी झोप काढून टाकली. 'दहा मिनिटांनी हाक मार' असं लिहिलं.
खिडकी हलली.

लेम्बित पहाटे सहाला बर्फाला भोकं पाडतो,
आकडी असलेली पट्टी आत सोडतो,
आणि जाड बोटांनी, एकेक कळ शोधत,
सेंटिमीटर टाइप करतो.
फेब्रुवारी सरत आला होता. वारा दक्षिणेचा.
आलेख मात्र चढत होता,
पायरीमागून पायरी, सारख्या उंचीची,
इतका देखणा, की मी त्याचा रंग बदलत बसले.

उल्वेने दारातूनच पाहिलं.
"वाढतोय की. दुधाचा टँकर सोडते."
लेम्बित काही बोलला नाही.
बूट काढून त्याने उलटा केला.
लादीवर पाणी सांडलं.

कुठंतरी पाणी मुरत होतं. अगदी शब्दशः.

तेव्हा कुठं मी रेष सोडून उभा अक्ष वाचला.
तळाला चोवीस. त्यावर साडेसव्वीस.
त्यावर साडेतेवीस, मग एकवीस,
आणि सगळ्यांच्या डोक्यावर, माळ्यावर चढलेल्या पोरासारखा,
साडेएकोणीस.

लेम्बित दशांशाच्या जागी स्वल्पविराम देतो.
शाळेत तसंच शिकला, बँकेतही तसंच चालतं,
अख्ख्या एस्टोनियात तसंच.
प्रोग्रॅमला तो आकडा वाटलाच नाही.
त्याने तो शब्द धरला,
आणि शब्दांना जाडी नसते,
म्हणून जो नवा आला त्याला आधीच्याच्या वर बसवलं.
चूक कसली, त्याने फक्त रांग पाळली.
लाल अक्षरांची एक ओळसुद्धा उमटली नाही.

मी ओरडले असणार.
उल्वे धावली, अडसर पाडला.
टँकर कडेवर थांबला, इंजिन चालू,
पुढची दोन चाकं बर्फावर,
मागची अजून जमिनीवर.

दुरुस्ती एका ओळीची:
स्वल्पविराम दिसला की तिथं टिंब, आणि मग आकडा कर.
बटण दाबलं.
रेष मुकाट खाली आली,
कुणीतरी जिना उतरून
दिवा न लावता बसावं तशी.

लेम्बितने विचारलं, "मग मी आता टिंब देऊ?"
नको म्हटलं. तुम्ही लिहिता तसंच लिहा.
वाचायला शिकायचं ते मी.
त्याने ओला बूट तसाच चढवला
आणि संध्याकाळच्या भोकासाठी गिरमिट उचललं.

टँकरवाला फेरीबोटीची वाट बघत
काळ्या पावाचा तुकडा चघळतोय.
आडव्या अक्षावर तारखा अजून
एकमेकींच्या अंगावर पडल्यात, नुसता काळा गिचका,
कुठला दिवस कुठला ते कळत नाही.
त्याही बहुधा शब्दच असणार.
हीटर बंद करायच्या आधी
तेवढं बघून घेते.