फूटपेग

तुर्भ्याच्या गाळ्यात दोन्ही गाड्या
वर्षभर एकाच नळाखाली धुतल्या मी.
एकाच डब्यातलं ग्रीस, एकच पाना,
आणि फळ्यावर खडूने गुण:
जुईली मढवी एकशे अठरा,
मुबीन दळवी एकशे अठरा.
पुसून पुन्हा मोजले. तेवढेच.

शेवटची शर्यत उलव्याला,
डोंगर होता तिथल्या सपाट लाल मातीवर.
मालक म्हणाले, "दोघंही आपलीच. काळजी कसली?"
त्यांना कोण सांगणार
की महिनाभर ती दोघं
माझ्यामार्फत बोलत होती.
"त्याला सांग, माझा गॉगल दे."
"तिला सांग, हरवला."

बारा फेऱ्या. अकरा मी बोर्ड धरून मोजल्या,
नाकात माती, कानात दोन इंजिनं.
डोळे मिटून ओळखीन कुठलं कोणाचं:
तिचं खोकतं, त्याचं कण्हतं.

बाराव्या फेरीत,
टँकरने जास्तच पाणी मारलेल्या वळणावर
त्याने आत घुसवली, तिने दार लावलं,
आणि दोन्ही गाड्या एका अंगावर.
साताऱ्याचा एक पोरगा बाजूने निघून गेला.
शर्यत त्याची झाली, कोणी बघितलंही नाही.

त्याचा फूटपेग तिच्या मागच्या चाकाच्या तारांत.
तिने ओढलं, त्याने ओढलं. निघेना.
मागचे आवाज जवळ येत चाललेले.
महिन्याभरातला पहिला थेट शब्द तिथे झाला:
"उचल ना रं!"

त्याने उचलली.
स्वतःची नाही, तिची.
पेग सुटायला तिचंच चाक वर यायला हवं,
हे मीच शिकवलं होतं त्याला.

तिची एका किकमध्ये लागली.
त्याची ओव्हर झालेली. सात किक.
इकडे बोर्ड टाकून मी हवेत पाय मारत होतो.

संध्याकाळी टेंपोत दोन गाड्या, एक कप.
पट्टा आवळताना दोघांनी एकेक टोक धरलं.
पाम बीचच्या सिग्नलला ती म्हणाली,
काचेतून बाहेर बघत,
"नसती उचललीस तर?"
"तर अजून तिथेच असतो दोघं."
मधे मी बसलो होतो. मला कोणी सांग म्हणालं नाही.

सोमवारी तिच्या सात तारा बदलल्या.
त्याच्या पेगवर तिच्या रिमचा निळा रंग बसलाय,
घासायला घेतला तर म्हणाला, राहू दे.

फळ्यावर अजून एकशे अठरा, एकशे अठरा.
पुसायला फडकं ओलं केलं होतं,
वाळलं.