लहान किंवा बरोबर

गुरुवार होता, म्हणजे धायरीत वीज नव्हती.
लॅपटॉपची बॅटरी सदतीस टक्के,
राउटर जुन्या इन्व्हर्टरवर कसाबसा तग धरून,
आणि मी तिसऱ्यांदा तोच पॅच पाठवायला बसलेली.

चूक सापडली ती हुपरीकरांमुळे.
खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त,
आमच्या पतसंस्थेत मुदत ठेव, चार लाख दहा हजार.
मार्चअखेर सगळ्यांचं व्याज जमा झालं,
त्यांचं नाही.
पासबुक काउंटरवर उघडं ठेवून म्हणाले,
"बाई, शेवटचा असलो तरी यादीत आहे ना मी?"

साहेब म्हणाले, हाताने एन्ट्री मारा, विषय संपवा.
मारली.
विषय संपला नाही.

सहा रात्री त्या डेटाबेसच्या पोटात उतरत गेले,
कधी न पाहिलेल्या माणसांनी
वीस-पंचवीस वर्षं लिहीत आणलेल्या,
फुकट वाटून टाकलेल्या ओळींत.
सातव्या रात्री दिसलं:
पान काठोकाठ भरलेलं असलं, की वाचणारा
शेवटच्या नोंदीच्या अलीकडेच थांबतो.
त्याला सांगितलं होतं,
जोवर लहान आहे, तोवर पुढे चल.
शेवटची नोंद लहान नव्हती.
ती बरोबर होती.

पॅच म्हणजे ठिगळच.
अण्णा मार्केट यार्डात टेम्पोच्या ताडपत्र्या शिवायचे.
म्हणायचे, ठिगळ आपल्या मनाने लावू नये,
मूळ कापडाचा धागा कुठे चाललाय ते आधी बघावं,
नाहीतर पहिल्याच घाटात उसवतं.

मी बघितलं नव्हतं.
पहिल्यांदा पाठवल्या त्या चाळीस ओळी.
फिनलंडातला कोणी रायमो, त्याने कळवलं:
समास आमच्या पद्धतीचा नाही. चाचणी कुठे आहे?
नमस्कार नाही, चमत्कार नाही.
मी पुण्यात वाढलेय,
"आहे का?" विचारल्यावर
"पाटी वाचा" ऐकत मोठी झालेय.
मला राग आला नाही.
आला, थोडा.
मग चाचणी लिहिली.
एक पान गच्च भरलं, शेवटच्या नोंदीला नाव दिलं हुपरीकर.

दुसऱ्यांदा तो म्हणाला, हे नाव काढ.
आणि एवढ्या ओळी कशाला?

मग एकोणीस दिवस मी त्याच प्रश्नापाशी.
मुलीची सहामाही, सिंहगड रस्त्यावरची कोंडी,
गॅसचा नंबर, साहेबांचा ऑडिट,
आणि सिग्नलला उभी असताना डोक्यात
एकेक ओळ उसवत जायची.
कशाला? खरंच, कशाला?
ही काळजीपोटी लिहिलेली.
ही हुशारी दाखवायला.
ही नुसतीच भीती.

त्या गुरुवारी पाठवली तेव्हा एकच ओळ उरली होती,
तीही माझी नव्हे, जुनीच.
माझं त्यात एक चिन्ह.
दोन आडव्या रेघा, लहानच्या पुढे बरोबर.

उत्तर वीज येण्याआधी आलं.
ठीक आहे, घेतो.
नोंदीत तुझं नाव कसं लिहायचं?

पद्मजा ढमढेरे.
शाळेत म्हणायचे, हिच्या आडनावातच दोन ढ.
रोमन लिपीत ढ लिहिताच येत नाही,
त्यामुळे तिकडे मी हुशारच दिसत असणार.

सुधारलेली आवृत्ती आमच्या संस्थेत यायला
अजून वर्ष तरी लागेल, ठराव व्हायचाय.
तोवर हुपरीकरांची एन्ट्री मी हातानेच मारते.
जूनअखेर आले. आकड्याखालून बोट फिरवलं,
मनातल्या मनात हातचा धरला,
"बरोबर," म्हणाले,
आणि काउंटरचं पेन खिशाला लावून निघाले.
दोरीने त्यांना परत ओढलं.